दावणीच्या शेळीला मीठ किती, खनिजे कोणती?

शेळीला सोडियम लागतो आणि तिच्या चाऱ्यात तो नावापुरताच असतो, म्हणून मीठ वेगळे द्यावे लागते. पाला, गवत, भाताचा पेंढा, कोंडा यांत पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडा. रायगडातल्या कर्जत-खालापुरात परिस्थिती आणखी बिकट आहे. किनाऱ्यालगत खारा वारा गवतावर मिठाचा अंश सोडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी तो फारसा पोचत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणारा पाऊस मातीतले विरघळणारे क्षार धुऊन उल्हास आणि पाताळगंगेत नेतो.

मिठाचे मुख्य काम शेळीच्या तोंडात आणि कोठीपोटात चालते. रवंथ करताना ती दिवसाला कित्येक लिटर लाळ गिळते. या लाळेतला सोडियम बायकार्बोनेट कोठीपोटातला आंबटपणा आटोक्यात ठेवतो आणि चारा पचवणारे जंतू जगवतो. दुभत्या शेळीचा सोडियम दुधावाटेही जातो. तो कमी पडला की भूक मंदावते, दूध घटते आणि शेळी भिंत, माती, दुसऱ्या शेळीचे अंग चाटू लागते.

गुलाबी खड्याचा मोह

२ मे २०२५ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर बंदी आली आणि सैंधवाची चर्चा फराळाच्या ताटापासून गोठ्यापर्यंत पोचली. फार्महाऊसवर हौसेने पाळलेल्या शेळ्यांपुढे टांगायला दोरी ओवलेला गुलाबी खडा हल्ली सर्रास घेतला जातो. पाकिस्तानी पंजाबातल्या खेवडा खाणीतल्या सैंधवाचा हा दगड ‘खनिजांनी भरलेला’ म्हणून विकला जातो. प्रत्यक्षात त्यात ९५ टक्क्यांहून अधिक साधे मीठच असते. गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि लोहाची वाण या भागातल्या लालसर मातीत वाढलेल्या चाऱ्याला सहसा नसते. शेळीला आयोडीन, तांबे, जस्त, कोबाल्टची गरज असते; ती भागेल एवढी ही खनिजे या खड्यातून मिळत नाहीत. खडा चाटल्याने अपाय होत नाही, पण तो टांगून खनिजांची सोय झाली असे समजणे चुकीचे आहे.

मिठासाठी रायगडकरांना इतके लांब जायची गरजही नाही. पेण-उरणच्या मिठागरांतले जाडे मीठ सोडियमची गरज पूर्ण भागवते. घरातले आयोडीनयुक्त मीठ त्याहून उजवे ठरते, कारण डोंगरउतारावरच्या, पावसाने धुतलेल्या जमिनीत आयोडीनही कमी पडू शकते. गाभण शेळीला आयोडीन मिळाले नाही तर करडू अशक्त, विरळ केसांचे, गळ्याशी सूज घेऊन जन्मते. काही करडे मेलेलीच जन्मतात.

बांधावर सुबाभूळ लावणाऱ्यांनी आयोडीनची ही गरज विशेष ध्यानात ठेवावी. सुबाभळीतल्या मिमोसिनने केस गळतात आणि पोटात त्यापासून बनणारा पदार्थ थायरॉइडचे काम अडवतो. ऑस्ट्रेलियात याच कारणाने सुबाभळीवर पोसलेली जनावरे आजारी पडत. हवाईतल्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन धडधाकट राहत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने या फरकाचा माग काढला. हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटात ते विष पचवणारा जंतू होता. १९८०च्या दशकात तो जंतू असलेला कोठीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना दिला आणि सुबाभूळ त्यांनाही पचू लागली. १९९२मध्ये त्या जंतूला ‘सिनर्जिस्टिस जोन्साय’ असे जोन्स यांचेच नाव मिळाले. तात्पर्य असे की पोटाला सवय नसलेल्या शेळीला सुबाभूळ हळूहळू द्यावी आणि हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवावी.

रानात फिरणारी आणि बांधलेली

ठाकूरवाडी-कातकरवाडीतली शेळी दिवसभर रानात फिरते. करवंद, बोर, ऐन, उंबर असे दहा झाडांचे दहा घास खाते. वेगवेगळ्या झाडांची मुळे वेगवेगळ्या खोलीवरून खनिजे वर आणतात, त्यामुळे तिच्या पोटात आपोआप मिश्रण जमते. झाडपाल्यात कॅल्शियमही चांगले असते. अंगणात बांधलेल्या शेळीपुढे जे टाकले जाते तेवढेच तिचे जग. तिला खनिज मिश्रण लागते ते यासाठी.

या मिश्रणातल्या प्रत्येक खनिजाचे काम वेगळे आहे. तांबे कमी पडले की काळ्या केसांवर तांबूस झाक येते, आणि गाभणकाळात कमी पडले तर करडू मागच्या पायांत लुळे निघते. जस्ताअभावी कातडी जाड होते, खपल्या धरतात, खूर कमकुवत होतात. कोबाल्टशिवाय पोटातल्या जंतूंना बी-१२ जीवनसत्त्व बनवता येत नाही. तांब्याच्या बाबतीत एक खबरदारी लागते. मेंढीला थोडे जास्त तांबेही विषासारखे बाधते, म्हणून मेंढ्यांच्या मिश्रणात ते बहुधा घालत नाहीत. ते मिश्रण शेळीला अपुरे आणि शेळीचे मिश्रण मेंढीला घातक. दोन्ही पाळणाऱ्याने गव्हाणी वेगळ्या ठेवाव्यात.

कोंडा आणि मुतखडा

भातपट्ट्यातली सर्वांत मोठी चूक आंबोणाच्या पाटीत होते. भातगिरणीतला कोंडा स्वस्त आणि हाताशी, म्हणून बकरी ईदसाठी वाढवलेल्या किंवा लाडाने पाळलेल्या बोकडाला तोच भरपूर चारला जातो. एक किलो कोंड्यात फॉस्फरस सुमारे १५ ग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम एक ग्रॅम असते. शेळीच्या खाण्यात हे प्रमाण उलटे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवे. पाला चघळणाऱ्या शेळीचा जादा फॉस्फरस लाळेवाटे पोटात येऊन लेंड्यांतून पडतो. कोंडा-दाण्यावरच्या बोकडाला चघळणे कमी, लाळ कमी. मग तो फॉस्फरस लघवीत उतरतो आणि तिथे वाळूसारखे खडे धरतो.

मादीची मूत्रनलिका रुंद व आखूड असल्याने ही वाळू निघून जाते. बोकडाची नलिका लांब, नागमोडी आणि टोकाला गांडुळासारख्या बारीक शेपटीची. खडा तिथेच अडकतो. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडात नलिका अरुंद राहते, त्यामुळे धोका वाढतो. खडा अडकलेला बोकड वाकून जोर करतो, शेपटी झटकतो, कण्हतो. थेंब-थेंब लघवी होते किंवा अजिबात होत नाही. पोटाखालच्या केसांच्या झुपक्यावर बोट फिरवले तर पांढरी कचकच हाताला लागते. बद्धकोष्ठ समजून तेल पाजण्यात वेळ दवडला तर मूत्राशय फुटते. अशा बोकडाला त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायला हवे, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करायला हवा.

यावर उपाय महाग नाही. कोंडा मूठभर, पाला पोटभर. कोंड्यासोबत चुनखडीची किंवा शिंपल्याची पूड द्यावी. डायकॅल्शियम फॉस्फेट अशा बोकडाला नको, त्यात फॉस्फरस आणखी वाढतो. मिठाचा इथे दुहेरी उपयोग होतो: मीठ खाल्लेला बोकड पाणी जास्त पितो, लघवी पातळ होते आणि खडा धरत नाही.

किती आणि कसे

मोठ्या शेळीला रोज पाच ते आठ ग्रॅम मीठ पुरे. चहाचा सपाट चमचा म्हणजे पाच-सहा ग्रॅम. खनिज मिश्रण मोठ्या शेळीला दहा ग्रॅम, दुभतीला पंधरा आणि करडाला तीन ते पाच. गाईसाठीच्या पाकिटावर पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रमाण छापलेले असते. ते शेळीला लावू नये. मिश्रणात आधीच मीठ आहे का, हेही पाकिटावर पाहावे. दोन्ही आंबोणात कालवले तर प्रत्येकीच्या वाट्याला नेमके येते.

चाटण विटेची गोष्ट वेगळी. गाईची जीभ खरखरीत, शेळीची मऊ. विटेवरून तिला लागेल तेवढे चाटता येईलच असे नाही. त्यात या भागातल्या पावसाळी दमट हवेत विटेला पाणी सुटते आणि निम्मी वीट जमिनीवर ठिबकते. सुटी पूड छपराखाली, लेंड्या पडणार नाहीत इतक्या उंचीवर लाकडी खोक्यात ठेवणे अधिक चांगले. बादलीत स्वच्छ पाणी कायम हवे; पाण्याविना भरपूर मीठ पोटात गेले तर विषबाधा होते आणि जनावर आंधळ्यासारखे धडपडते.

शेवटचा मुद्दा निदानाचा. पावसाळ्यानंतर खंगलेली, पापणीच्या आतून पांढुरकी दिसणारी, जबड्याखाली सूज आलेली शेळी बहुतेक वेळा खनिजांअभावी आजारी नसते. तिच्या पोटात रक्त पिणारे जंत असतात, किंवा भातखाचरांच्या पाणथळीतून आलेली यकृतातली पर्णकृमी. मातीही ती याच अशक्तपणातून चाटते. अशा शेळीला खनिजांचे पाकीट आणण्याआधी लेंड्या तपासून घ्याव्यात, जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे, आणि मग मीठ व खनिजे चालू ठेवावीत. पोटात जंत असेपर्यंत महागातले मिश्रणही अंगी लागत नाही.