एक गाव, दोन राज्ये



मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, एवढ्याशा देवासला राजे दोन कशाला?" तासात उत्तर पुरे झाले नाही, म्हणून इथे लिहितो.

बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांकडे १७२८ च्या सुमारास देवास आले. पुढे वाटणी झाली. थोरल्याची ती थोरली पाती, धाकट्याची धाकटी पाती. आपण बोलताना बडी पाती, छोटी पाती म्हणतो. वाटणी शहराचीसुद्धा झाली! मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात, समोरची दुसऱ्यात. दिवाबत्ती वेगळी, पाण्याची व्यवस्था वेगळी. समोरच्या दुकानात जायचे म्हणजे परराज्यात जायचे. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली.

थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे १९२१ मध्ये इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर खाजगी सचिव होते. त्यांच्या 'द हिल ऑफ देवी' (१९५३) या पुस्तकाच्या नावातली टेकडी म्हणजे आपली माताजींची टेकडी. तुकोजीरावांचे चिरंजीव १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी महाराज झाले.

परंतु देवासचे नाव घरोघरी नेले ते कुमार गंधर्वांनी. बेळगावजवळ सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेला हा गायक क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये इथल्या कोरड्या हवेसाठी आला. डॉक्टरांनी गाणे बंद केले. पत्नी भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी करून घर सांभाळले. (शिक्षकांनी हे जरूर लक्षात ठेवावे.) अंथरुणावर पडल्या पडल्या ते रस्त्याने जाणाऱ्यांची माळवी गाणी ऐकत. त्याच धुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले. १९५३ मध्ये ते पुन्हा गाऊ लागले. बरे झाल्यावर मुंबई-पुण्याला जाता आले असते. ते गेले नाहीत. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासातच त्यांचे निधन झाले.

हे सर्व पुस्तकांत मिळते. पण दोन राज्यांचा बाजार डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. पालकांना विनंती आहे की सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. आपले घर कोणत्या पातीत होते, दुकान कोणत्या बाजूला होते, एवढे तरी मुलांनी वहीत लिहून आणावे. वह्या शाळेच्या वाचनालयात ठेवू.