नकाशाचेही मूळ पाहावे

गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविण्याच्या रीतीस प्रक्षेपण म्हणतात. मोबाइलवरील नकाशे बहुधा वेब मर्केटर प्रक्षेपणाचे असतात. विषुववृत्तावरचे प्रमाण धरून त्यावर शिरूर-दौंडकडील १०० गुंठे जमीन मोजली, तर ती सुमारे १११ गुंठे भरते. गोदामासाठी जागा घेणाऱ्याचा सौदा एवढ्यानेही फसू शकतो.

मग आधार कोणता? प्रक्षेपणांच्या गणितासाठी जॉन स्नायडर यांचा १९८७चा ग्रंथ प्रमाण मानला जातो. तो अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने प्रसिद्ध केला. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांच्या समासात प्रक्षेपणाचा उल्लेख आढळतो. क्षेत्राची खात्री मात्र भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच करावी. पावतीवाचून जमाखर्च न लिहिणाऱ्या पेढीने नकाशालाही तोच नियम लावावा.