जिमखाना म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रांनो, दवाखाना, कारखाना, तोफखाना हे शब्द तुम्हांला उर्दूतही भेटतात आणि मराठीतही. 'खाना' म्हणजे घर किंवा जागा. याच घराण्यातला आणखी एक शब्द आहे जिमखाना. तो 'गेंदखाना' या शब्दावरून आला असावा, असे अभ्यासक मानतात. गेंद म्हणजे चेंडू.

आता आपल्या गल्लीतील क्रिकेटचा संघ आठवा. ज्याची बॅट, तो रागावून घरी गेला की खेळ संपतो. जिमखान्याचे तसे नसते. तो कोणा एकाचा नसतो. सभासद वर्गणी भरतात, कार्यकारी मंडळ निवडतात आणि मैदानाची देखभाल करतात. एकाच नावाखाली अनेक खेळांचे संघ तयार होतात. खेळाडू बदलतात, पण संस्था टिकून राहते.

पुण्याचा डेक्कन जिमखाना हे याचे उत्तम उदाहरण आहे. मुठा नदीजवळ वसलेल्या या संस्थेची स्थापना १९०६ साली झाली. योगायोग पाहा! दूर उत्तरेकडील आइसलँड या बर्फाळ देशात, अकुरेरी नावाच्या छोट्या गावात, तरुणांची अशीच एक संघटना त्याच वर्षी स्थापन झाली. पुढे तेथे गावोगावी एकाच नावाखाली अनेक खेळ खेळणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या.

डेक्कन जिमखान्यात टेनिस, क्रिकेट, पोहणे असे अनेक खेळ आले. पण देशी खेळांनाही तेथे मान मिळाला. पूर्वी खो-खो प्रत्येक गावात वेगवेगळ्या पद्धतीने खेळला जाई. मग दोन गावांचा सामना कसा व्हावा? वाद झाला तर निर्णय कोणी द्यावा? म्हणून १९१४ साली या जिमखान्यात खो-खोचे नियम ठरवण्यात आले. नियम लिहिलेले असले, की अनोळखी माणूसही आपल्याबरोबर बरोबरीच्या नात्याने खेळू शकतो. नियमापुढे कोणी मोठा नाही आणि कोणी लहान नाही.

या संस्थेचे एक अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. तेथील शर्यती पाहताना त्यांना एक गोष्ट दिसली. धावणारी मुले शेतकऱ्यांची होती. त्यांच्या पायांत बूटही नव्हते. तरीही काहींचा वेग युरोपातील धावपटूंच्या तोडीचा होता. ही मुले ऑलिंपिकमध्ये का जाऊ नयेत, असे टाटांना वाटले. त्यांनी पुढाकार घेतला, स्वतःचा पैसाही घातला. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प शहरी सहा भारतीय खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीगीर रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचले, पण ती लढत हरले.

एकही पदक मिळाले नाही. मग सारे श्रम वाया गेले का? मुळीच नाही. वाट तयार झाली होती. १९५२ साली सातारा जिल्ह्यातील खाशाबा जाधव यांनी हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत हिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक जिंकले. मुलींनो, हे विसरू नका!

गुण गरिबाच्या घरीही असतो. पण तो पाहणारा डोळा, सराव करण्यासाठी मैदान आणि पाठीशी उभी राहणारी संस्था हवी. मित्रांनो, अशी संस्था सुरू करायला राजवाडा लागत नाही. शाळेचे मैदान, एक वही, थोडी वर्गणी आणि सर्वांना मान्य असलेले नियम एवढ्यावरही आरंभ होतो. वहीच्या पहिल्या पानावर एक नियम मात्र जरूर लिहा : ज्याला खेळायचे आहे, त्याला कोणीही परत पाठवणार नाही.