पाठीवरचा पत्रा

नागपुरातून पूर्वेला निघा की पश्चिमेला, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र भेटत नाही. तरी स्कूबा डायव्हिंगमधलं सगळ्यात किचकट जुळवाजुळवीचं काम इथेच, पंख्याखाली, कोरड्या फरशीवर उभं राहून उत्तम होतं. आरसा, खडू, कात्री, मेणबत्ती आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला, एवढ्यावर भागतं.

काम आहे बॅकप्लेट बसवण्याचं. ही प्लेट म्हणजे मानेखालून कमरेपर्यंत येणारा, मधोमध पन्हळ काढलेला धातूचा पत्रा. पन्हळीत ११ इंच अंतरावर दोन भोकं. वर दोन, कमरेशी दोन आणि तळाशी एक अशा खाचा. वरच्या चार खाचांतून पाच सेंटीमीटर रुंदीचा नायलॉनचा एकच सलग पट्टा ओवतात. त्याचेच दोन खांदे होतात आणि त्याचाच कमरपट्टा. तळाच्या खाचेतून निघालेला दुसरा पट्टा मांड्यांमधून पुढे येऊन कमरेला मिळतो. पाठीमागे हवा भरायची पिशवी, म्हणजे विंग, आणि सिलिंडर. संपलं! फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांत उतरणाऱ्यांसाठी १९७९ साली ग्रेग फ्लॅनॅगन यांनी अशी स्टीलची प्लेट बनवली, पुढे विल्यम होगार्थ मेन यांनी ती सुधारली. आजची प्लेट पाहिली तरी तिचा मूळ घाट ओळखू येतो.

पत्रा कोणत्या धातूचा घ्यायचा? स्टीलचा भरतो अडीच-तीन किलो, अ‍ॅल्युमिनियमचा किलोभर. हलका तो बरा, असं वाटणं साहजिक आहे. पण आपण हवेचं वजन विसरतो. नागपुरातल्या दहा बाय दहाच्या खोलीतसुद्धा तीसेक किलो हवा असते! अकरा लीटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,२०० लीटर हवा कोंबलेली असते; तिचं वजन अडीच किलोहून थोडं जास्त. दाब ५० बारवर येईपर्यंत डायव्हर त्यातली दोन किलो हवा श्वासावाटे संपवतो, बुडबुडे करून सोडून देतो. परिणामी सुरुवातीला बुडणारा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर शेवटी शेवटी तरंगायला बघतो आणि माणसाला वर ओढू लागतो. हे ओढणं आवरायला वजन हवंच. मग कमरेला शिशाचे तुकडे बांधण्यापेक्षा तेच वजन पाठीवरच्या पत्र्यात का असू नये?

पाठीवर म्हणजे फुफ्फुसांच्या नेमकं वर. हे मला या साध्या वस्तूतलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं. माणसाचा तरंगणारा भाग छातीत, बुडणारा पायांत. त्यात कमरेला शिसं बांधलं की पाय आणखी खाली जातात आणि माणूस तिरका होऊन पाणी ढकलत राहतो. वजन छातीच्या बाजूला सरकवलं की शरीर तराजूच्या दांडीसारखं आडवं होतं.

हे सारं पट्ट्यांवर अवलंबून आहे. खांद्याचे पट्टे नवशिके हमखास फार आवळतात. मग हात मागे वळत नाही, आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह तर मागेच असतो. पट्ट्याखाली हात सहज सरकावा. मागे हात नेला की बोटांना प्लेटची वरची कड लागावी. खांद्यावरच्या डी-रिंगा हात समोर ताणल्यावर काखेच्या घडीच्या जरा पुढे, दुसऱ्या हाताला न शोधता सापडतील अशा. डाव्या कमरेची रिंग प्रेशर गेजसाठी. कमरेचं बक्कल मधोमध न ठेवता थोडं उजवीकडे. मांड्यांमधला पट्टा ढिला राहिला तर प्लेट डोक्याकडे चढते, आवळला तर माणूस वाकतो. हे सगळं अंगात वेटसूट घालून करायचं. टी-शर्टवर घेतलेलं माप पाण्यात फसवतं. खडूच्या खुणा पक्क्या झाल्यावरच जास्तीचा पट्टा कापायचा आणि कापलेली कड मेणबत्तीवर वितळवायची. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल काप लोंबती टोकं धरून ठेवतात. महागड्या दुकानात यापेक्षा चांगलं काही मिळत नाही, असं माझं मत.

मग पाण्यात चाचणी. तरणतलावात जमलेलं वजन मालवणला मात्र कमी पडतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. सामानासकट शंभर किलोच्या डायव्हरला ते अडीचेक किलोने जास्त उचलून धरतं. तेवढं वजन तारकर्लीच्या किनाऱ्यावर वाढवावं लागतं, पट्ट्यांना मात्र हात लावायची गरज नसते. आणि हे वजन पुरेसं आहे की नाही ते सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना, पाच मीटरवर, विंग रिकामी करून पाहायचं. भरल्या सिलिंडरवर केलेली तपासणी काहीच सांगत नाही.