रिफ्रेश मारून काय होतं?

संगणक सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करायचं आणि तीन-चार वेळा ‘रिफ्रेश’ मारायचं, ही सवय आपल्याकडे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबपासून लागते. कोणी शिकवली हे कोणालाच सांगता येत नाही, पण बँकेच्या काउंटरपासून आयटी पार्कपर्यंत ती सगळीकडे दिसते. त्याने मशिन ‘मोकळं’ होतं, असा समज. प्रत्यक्षात विंडोज त्या क्लिकने डेस्कटॉपवर काय काय आहे ते पुन्हा वाचतं आणि चिन्हं नव्याने मांडतं, बस्स. रॅम रिकामी होत नाही, वेग वाढत नाही, अडकलेला प्रोग्रॅम सुटत नाही.

रिफ्रेशने निदान नुकसान तरी होत नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला नातेवाईक आणि सोसायटीचे सेक्रेटरी रविवारी सकाळी जे फोन करतात, त्यांतल्या काही समजुतींपायी पैसे जातात किंवा फाइली जातात.

‘बंद करून चालू केलं, तरी तसंच!’

आम्ही फोनवर म्हणतो, ‘रीस्टार्ट करा.’ पलीकडून उत्तर येतं, ‘अरे, रोज रात्री शटडाउन करतो मी. आत्ताही बंद करून चालू केलं.’ दोन्ही एकच, असं वाटणं साहजिक आहे, आणि विंडोज 7 पर्यंत ते बरोबरही होतं. 2012 मध्ये विंडोज 8 आलं आणि त्याबरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ही सोय चालू असेल तर शटडाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की तीच अवस्था पुन्हा मेमरीत येते. मशिन झटपट सुरू होतं, हा फायदा. तोटा असा, की काल रुसलेला प्रिंटरचा ड्रायव्हर आज सकाळीही रुसलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये ही फाइल वापरली जात नाही, सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

विश्वास बसत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर क्लिक केलं की ‘अप टाइम’ दिसतो, म्हणजे मशिन शेवटचं पुरतं सुरू झाल्याला किती काळ झाला ते. रोज इमानेइतबारे शटडाउन करणाऱ्यांच्या मशिनवरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा असतो. शटडाउनच करायची सवय असेल तर शिफ्टची कळ धरून ठेवून करा, मग ते खरोखर बंद होतं.

‘मशिन स्लो झालंय, एखादा क्लीनर टाकून दे’

इथे माझं मत जरा कडक आहे: टाकू नका. रॅम ‘बूस्ट’ करणारी बहुतेक साधनं चालू प्रोग्रॅमची मेमरी जबरदस्तीने काढून घेतात. आकडा खाली आलेला पाहून बरं वाटतं, आणि पुढच्याच क्लिकला तोच मजकूर डिस्कवरून परत आणताना मशिन आणखी रेंगाळतं. मोकळ्या रॅममध्ये पुढे लागतील अशा फाइली विंडोज आपणहून आणून ठेवतं आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की लगेच सोडतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘कॅश्ड’ म्हणून दिसतो तो आकडा याचाच, त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र वापर सतत नव्वद टक्क्यांच्या पुढे असेल आणि डिस्कही धडधडत असेल, तर रॅम खरंच अपुरी आहे. तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, आणखी रॅम घालावी लागते.

रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांचा वापर मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही. आणि सफाईवाल्यावर किती भरवसा ठेवायचा, याचं उत्तर 2017 मध्ये मिळालं. सीक्लीनर हे जगभर लोकप्रिय साधन. त्याच्या 5.33 या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, आणि ती आवृत्ती सुमारे 22 लाख 70 हजार लोकांकडे पोचली. त्यांनी ती चोरट्या ठिकाणाहून घेतली नव्हती, नेहमीच्याच जागेवरून घेतली होती.

मग करायचं काय? टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ नावाचं पान आहे. मशिनबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तिथे असते, नको ते तिथेच बंद करता येतात. याहून खोलात जायचं तर ‘सिसइंटर्नल्स’ची साधनं घ्या. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल या दोघांनी 1996 मध्ये ती बनवायला सुरुवात केली. 2005 मध्ये रुसिनोविच यांनी आपल्याच एका साधनाने स्वतःचा संगणक तपासला, तेव्हा सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीने गुपचूप बसवलेलं आणि स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर त्यांना सापडलं. मोठं प्रकरण झालं, कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतलं. साधनं आजही फुकट आहेत. ‘ऑटोरन्स’ मशिनबरोबर सुरू होणाऱ्या बारीकसारीक गोष्टीही दाखवतं. ‘प्रोसेस एक्सप्लोरर’मध्ये कोणता प्रोग्रॅम कोणी सुरू केला, हे वंशावळीसारखं दिसतं. डिस्क भरली असेल तर ‘विनडर्स्टॅट’ चालवा, जागा कोणी खाल्ली ते कळेल.

जाता जाता, ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ 95 टक्के सीपीयू खातेय म्हणून ती बंद करायला जाऊ नका. ती ओळ एवढंच सांगते, की सीपीयू 95 टक्के वेळ रिकामा बसलाय.

‘नेट गेलंय’

गेलं असेल किंवा नसेलही. कमांड प्रॉम्प्ट उघडून, अर्थात रोमन अक्षरांत, ‘पिंग’ लिहा आणि एक जागा सोडून 8.8.8.8 टाका. हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता. तिथून उत्तर येत असेल तर नेट आहे. तरीही वेबसाइट उघडत नसतील तर बहुधा नावावरून पत्ता शोधणारी डीएनएसची यंत्रणा अडलेली असते. सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून 1.1.1.1 घालून पाहा. आणि 100 एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये फाइल सेकंदाला 12.5 एमबीनेच उतरते, म्हणून केबलवाल्याशी भांडू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट.

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक गंमत होते. कुठलीही साइट उघडली की ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. घरात घबराट: हॅक झालं! अशा वेळी आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपलेली आहे. तिचा क्रमांक बहुधा सीआर 2032 असतो. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशिनच्या मते आज 2009 साल असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. बॅटरी बदला, तारीख लावा, इशारे थांबतात.

‘निळी स्क्रीन आली, आता फॉरमॅटच’

19 जुलै 2024 रोजी जगातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. व्हायरसचा हल्ला झाला, असं पुष्कळांना आजही वाटतं. प्रत्यक्षात क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या अपडेटमधली एक फाइल सदोष होती. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाकायची. त्यासाठी कोणाचीही डिस्क फॉरमॅट करायची गरज नव्हती.

घरच्या निळ्या स्क्रीनवरही खाली एक ‘स्टॉप कोड’ असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ शोधलं की कोणत्या दिवशी काय बसवलं आणि काय कोसळलं, याचा तारीखवार तक्ता मिळतो. डिस्कवर संशय असेल तर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ तिची तब्येत सांगतं. डिस्कच मरायला टेकली असेल तर फॉरमॅट करून काय मिळणार? आधी फाइली दुसरीकडे हलवा.

‘फाइल करप्ट झाली’

हा खास आपला प्रश्न. डीटीपीवाल्याकडून किंवा एखाद्या कार्यालयातून जुनी मराठी फाइल येते, उघडावी तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला. लोक ती बाद समजून पुन्हा टाइप करून घेतात, पानामागे पैसे मोजून. फाइल धडधाकट असते. युनिकोड रुळण्याआधीच्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले होते. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द, फाँट नसेल तर, ई-जे-के-बी-एच असा दिसतो. वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करून वरच्या चौकटीत फाँटचं नाव वाचा. फाँट मशिनवर नसला तरी नाव तिथे दिसतं. मग एकतर तो फाँट बसवा, किंवा मजकूर युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा. नंतर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा, कन्व्हर्टर तिथेच घसरतात.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हची कथाही अशीच. सगळे फोल्डर ‘शॉर्टकट’ झालेले दिसतात, आणि कोणीतरी सांगतं, डेटा गेला. बहुतेक वेळा व्हायरसने मूळ फोल्डर फक्त लपवलेले असतात. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, त्यातूनच तो तुमच्या मशिनमध्ये शिरतो. आधी अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासा. मग फोल्डरच्या ‘व्ह्यू’ सेटिंगमध्ये लपवलेल्या फाइली दाखवा असं निवडा, आणि ‘प्रोटेक्टेड’ सिस्टिम फाइली लपवण्याची खूणही काढा. सगळं जागच्या जागी सापडतं.

‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असा अनोळखी फोन आला आणि त्या माणसाने तुम्हाला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावून त्यातल्या लाल खुणा दाखवल्या, तर फोन ठेवा. अगदी निरोगी मशिनमध्येही त्या खुणा शेकड्यांनी असतात.

आणि घरच्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ला फोन करण्याआधी एवढं करा: विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून स्क्रीनवरच्या संदेशाचं चित्र घ्या आणि त्याला पाठवा. ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी ओके केलं’ यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.