त्वचेत साठलेले औषध आणि ते मोजणारा प्रकाश

आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूरमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या दोन्ही दिशांना कुष्ठरोगावरील उपचारांची जुनी केंद्रे आहेत. दक्षिणेस निजामाबादजवळच्या डिचपल्लीला इझाबेल कर या मिशनरी डॉक्टरांनी १९१५ मध्ये कुष्ठरुग्णालय उभारले, तर उत्तरेस वर्धा जिल्ह्यात, १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने घरोघर पाहणी, आरोग्यशिक्षण आणि औषधोपचार यांची एकत्रित पद्धत रुजवली. डिचपल्लीत कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शने दिली गेली, वर्ध्याचा भर डॅप्सोनच्या गोळ्यांवर राहिला आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमीन यांचा बहुविध औषधोपचार सुचवला. औषधे बदलत गेली तरी, दिलेल्या मात्रेपैकी किती भाग रुग्णाच्या पोटात गेला आणि त्यातला किती जंतू दडलेल्या ऊतकापर्यंत, म्हणजे त्वचेच्या व मज्जातंतूंच्या पेशीसमूहांपर्यंत, पोचला, हा प्रश्न कायम राहिला.

पहिल्या भागाचे उत्तर रसायनशास्त्राने बऱ्यापैकी दिले. डॅप्सोन स्वतः रंगहीन असले तरी १९३९ मध्ये ब्रॅटन आणि मार्शल यांनी सल्फा औषधांसाठी शोधलेल्या अभिक्रियेने त्याला गडद रंग आणता येतो. त्या द्रावणातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडून किती शोषला गेला हे पाहिले की रेणूंचे प्रमाण कळते, कारण शोषण हे द्रावणाची संहती आणि प्रकाशाने त्यात कापलेले अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. हाच बिअर-लँबर्ट नियम. लघवी पातळ की दाट यामुळे हिशेब चुकू नये म्हणून डॅप्सोनची तुलना लघवीतील क्रिएटिनिनशी करण्याची पद्धत एलार्ड या संशोधकाने रूढ केली. रिफॅम्पिसिनसाठी एवढाही खटाटोप लागत नाही, कारण त्याने लघवीच नारिंगी-लाल होते.

क्लोफाझिमीनची गोष्ट निराळी आणि अधिक रंजक आहे. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने क्षयरोगासाठी तयार केलेले आणि १९५७ मध्ये जाहीर केलेले हे औषध मुळात एक लालसर रंगद्रव्य आहे. मेदात सहज विरघळत असल्याने ते रक्तात थोडे आणि चरबी, त्वचा, प्लीहा व जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशी यांत पुष्कळ साठते. शरीरातील साठा निम्म्यावर यायला सुमारे ७० दिवस लागत असल्याने, केवळ रक्ततपासणीवरून ऊतकाचा अंदाज बांधणे येथे सपशेल फसते. कुष्ठरोगाच्या बहुजीवाणू, म्हणजे शरीरात जंतू पुष्कळ असलेल्या, प्रकारात प्रौढ रुग्ण वर्षभर रोज ५० मिलिग्रॅम व महिन्यातून एकदा ३०० मिलिग्रॅम घेतो आणि त्याची कातडी तांबूस ते काळपट होते. रोग लपवू पाहणाऱ्या माणसाला हा रंग चारचौघांत उघडा पाडतो, म्हणून काही जण गोळ्याच सोडतात. उपचाराला अडसर ठरलेला हा रंग मोजणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडतो, कारण जे डोळ्यांना दिसते ते वर्णपटमापकाला आकड्यांत पकडता येते.

महाभक्षी पेशींत हे औषध क्लोराइडशी जुळून लाल स्फटिक बनते, असे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गुस रोझानिया यांच्या गटाने दाखवले. मुक्त रूपातील औषध निळा-हिरवा प्रकाश शोषते. स्फटिक झाल्यावर मात्र ते लाल प्रकाशानेही उत्तेजित होऊन आणखी लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकते, म्हणजेच प्रतिदीप्ती दाखवते. हा बदल मोलाचा आहे, कारण रक्तातील हिमोग्लोबिन ६०० नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश मोठ्या प्रमाणात गिळते आणि त्यापलीकडचा बराचसा जाऊ देते. तळहातामागे विजेरी धरली की बोटांच्या कडा लाल दिसतात त्या यामुळेच. याच गटाने २०१६ मध्ये उंदरांवर प्रकाशध्वनी पद्धतही वापरली, जिच्यात प्रकाशाच्या स्पंदाने स्फटिक किंचित तापून प्रसरण पावतो आणि त्यातून उठणारा ध्वनी टिपला जातो.

खरी अडचण वेगळीच आहे. काचेच्या नळीत प्रकाश सरळ जातो, ऊतकात मात्र तो पेशींवर आदळून दाही दिशांना विखुरतो, त्यामुळे त्याने कापलेले अंतर कळत नाही आणि बिअर-लँबर्टचा हिशेब अडतो. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत ज्युडिथ मुरंट, अर्विंग बिगिओ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर तोड काढली : प्रकाश सोडणारा आणि परतलेला प्रकाश घेणारा प्रकाशतंतू यांच्यात दोन मिलिमीटरहून थोडे कमी अंतर ठेवले, तर सरासरी मार्गाची लांबी विखुरण्याच्या कमी-अधिकपणावर फारशी अवलंबून राहत नाही. एवढ्या साध्या भौमितिक युक्तीने ऊतक न कापता औषधाची संहती काढण्याची वाट मोकळी झाली आणि मायटोझँट्रोनसारख्या निळ्या कर्करोगविरोधी औषधावर ती प्राण्यांत वापरली गेली.

आदिलाबादच्या उन्हात शेतकाम करणाऱ्यांच्या सावळ्या कातडीवर हे तंत्र आणायचे, तर मेलॅनिनचा विचार आधी करावा लागेल. गडद त्वचेच्या रुग्णांत पल्स ऑक्सिमीटर प्राणवायूचे प्रमाण खऱ्याहून अधिक दाखवतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून पुन्हा ठळक झाले. हीच चूक औषधमापनात शिरू नये म्हणून पहिल्या गोळीपूर्वीच त्या व्यक्तीच्या त्वचेचा वर्णपट नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते. शिवाय क्लोफाझिमीनमुळे त्वचेत सेरॉइड नावाचे तपकिरी द्रव्यही साचते, त्यामुळे दिसणारा सगळा काळपटपणा औषधाचाच असे मानता येत नाही. गोळ्या थांबल्यावर रंग उतरायलाही कित्येक महिने जातात, म्हणजे त्वचेवरील आकडा आजच्या गोळीविषयी काही सांगणार नाही, तो मागच्या काही महिन्यांचा साठा सांगेल.

बहुतेक औषधे रंगहीन असतात आणि त्यांच्याबाबतीत १९२८ मध्ये कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेला परिणाम उपयोगी पडतो : विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रेणूच्या कंपनांनुसार तरंगलांबी बदलतो आणि प्रत्येक रेणूची ओळख त्यात उमटते. खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग-संशोधन संस्थेत याच रामन वर्णपटाने तोंडाच्या कर्करोगाच्या ऊतकांचा अभ्यास झाला आहे. औषधमापनात मात्र त्याचा आवाका अजून तोकडा आहे. मलम त्वचेच्या वरच्या थरांत किती उतरले हे तो दाखवू शकतो, पण यकृतातल्या किंवा मज्जातंतूतल्या औषधासाठी ऊतकाचा तुकडा काढून तो प्रयोगशाळेत द्रवक्रोमॅटोग्राफी व वस्तुमान वर्णपटमापनाने तपासणे, हाच आजही भरवशाचा मार्ग आहे.