चेहरा चुकला, निरोप हुकला

४ डिसेंबर २०१७. शशी कपूर गेल्याची बातमी संध्याकाळी मुंबईतून आली. वय ७९. त्याच रात्री बीबीसीच्या ‘न्यूज ॲट टेन’ या मुख्य बातमीपत्रानेही त्यांची दखल घेतली. नाव शशी कपूर यांचंच घेतलं गेलं, पण पडद्यावर दिसले अमिताभ बच्चन आणि ऋषी कपूर. दोघंही तेव्हा हयात. ऋषी तर शशींचे सख्खे पुतणे.

आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. पोराने खेळता खेळता घातला, तरी आजी हातातलं काम टाकून धावते आणि तो काढते. इथे तर साऱ्या इंग्लंडच्या डोळ्यांदेखत दोघांना हार घातला गेला होता, आणि ज्याला घालायचा तो राहूनच गेला. चाहत्यांनी ट्विटरवर बीबीसीला धारेवर धरलं. सगळे भारतीय तुम्हाला सारखेच दिसतात का, हा प्रश्न कितीतरी जणांनी विचारला. बातमीपत्राचे संपादक पॉल रॉयल यांनी चुकीची दृश्यं दाखवल्याबद्दल जाहीर माफी मागितली. हे आपल्या नेहमीच्या दर्जाला शोभणारं नव्हतं, असंही त्यांनी मान्य केलं.

माफी मागितली, विषय संपला, असं म्हणणारेही होते. मला ते पटत नाही. चूक कुणाकडूनही होते, पण ही चूक इंग्लंडमध्ये, बीबीसीकडून आणि शशी कपूर यांच्याच बाबतीत व्हावी, हे जिव्हारी लागणारं होतं. त्यांच्या पिढीतल्या हिंदी नटांपैकी इंग्लंडशी इतकं घट्ट नातं दुसऱ्या कुणाचं होतं? जेफ्री केंडल यांच्या ‘शेक्सपिअराना’ या फिरत्या नाटक कंपनीत ते तरुणपणी उभे राहिले. १९५८ साली त्यांनी केंडल यांच्या मुलीशी, जेनिफरशी लग्न केलं. मर्चंट-आयव्हरी यांच्या ‘द हाउसहोल्डर’पासून ‘हीट अँड डस्ट’पर्यंतच्या इंग्रजी चित्रपटांतून ते तिकडच्या प्रेक्षकांना भेटत राहिले. ‘शेक्सपिअर वाला’मध्ये त्यांची नायिका होती जेनिफरची धाकटी बहीण फेलिसिटी केंडल. हीच फेलिसिटी पुढे सत्तरच्या दशकात ‘द गुड लाइफ’ या मालिकेमुळे इंग्लंडमध्ये घराघरांत पोचली. ती मालिका कुणाची? बीबीसीची. म्हणजे बीबीसीच्या एका लाडक्या अभिनेत्रीच्या मेहुण्याचा चेहरा बीबीसीला ओळखता आला नाही.

चाहत्याला तो चेहरा ओळखायला नावाची पट्टी लागत नाही. हसताना दिसणारे ते किंचित वाकडे दात आठवा. ‘दीवार’मधला पुलाखालचा प्रसंग आठवा. एकीकडे उंचपुरा, धुमसणारा अमिताभ, समोर खाकी वर्दीतला शशी, ताठ उभा, आवाज न चढवता चार शब्दांत उत्तर देणारा. त्या चित्रपटात शशी धाकटा भाऊ होते. प्रत्यक्षात ते अमिताभपेक्षा साडेचार वर्षांनी मोठे. धाकटेपण त्यांनी केवळ अभिनयातून उभं केलं होतं. ज्याच्या मनात हा प्रसंग कोरला गेलाय, त्याला या दोघांत गल्लत होऊच कशी शकते, हेच कळत नाही.

आणि तरी ती होते. शशी आणि अमिताभ यांनी ‘कभी कभी’, ‘त्रिशूल’, ‘काला पत्थर’, ‘सुहाग’, ‘नमक हलाल’ असे कितीतरी चित्रपट एकत्र केले. संग्रहात एकाचं नाव टाकून शोधलं तर दुसरा समोर येणारच. ‘कपूर’ म्हणून शोधलं तर अख्खं घराणं हजर! मग बातमी हवेत जायच्या आधी, दृश्यातला हाच का तो, हे सांगणारा एक जाणता डोळा लागतो. आपल्या नेहमीच्या वावरात नसलेल्या वंशाचे चेहरे वेगवेगळे ओळखताना माणूस जास्त चुकतो, हे मानसशास्त्रज्ञ १९६९ पासून प्रयोगांनी दाखवत आले आहेत. पण हे कारण झालं, सबब नव्हे. उलट आपण इथे चुकतो हे ठाऊक असताना तर विचारून घ्यायला हवं. शशी कपूर यांच्या वेळच्या या चुकीनंतर दोन वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट अपघातात गेला, तेव्हा याच बातमीपत्रात लेब्रॉन जेम्सची दृश्यं दाखवली गेली. पुन्हा माफी.

आपलं घर तरी कुठे शाबूत होतं? शशी कपूर गेले त्याच दिवशी आपल्याकडच्या एका वृत्तवाहिनीच्या ट्विटर खात्यावरून खासदार शशी थरूर यांच्या निधनाची बातमी गेली आणि थरूर यांच्या कार्यालयात सांत्वनाचे फोन सुरू झाले. तिथे चेहऱ्याचा प्रश्नच नव्हता, सगळ्यांच्या आधी बातमी द्यायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी मुंबईत ओखी वादळाचा अवकाळी पाऊस कोसळत होता. त्या पावसात सांताक्रूझच्या स्मशानभूमीत शासकीय इतमामात शशी कपूर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. व्यावसायिक चित्रपटांत कमावलेला पैसा या माणसाने ‘जुनून’, ‘कलयुग’, ‘विजेता’सारख्या चित्रपटांत ओतला. ‘कलयुग’मध्ये आपल्या विजया मेहता होत्या. १९७८ साली जेनिफरसोबत त्यांनी जुहूला पृथ्वी थिएटर उभं केलं, तिथे आजही नाटकं होतात. अशा माणसाला निरोप देताना त्याचा स्वतःचा चेहरा दाखवावा, एवढीच चाहत्यांची मागणी होती. ती अवास्तव नव्हती.

यात वाचकांनाही करता येण्यासारखं काही आहे. अनेक घरांच्या माळ्यावर जुन्या सिनेमासिकांचे अंक, चित्रपटांचे फोटो, नाटकांच्या तालमींची छायाचित्रं पडलेली असतात. त्यातले चेहरे ओळखणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याजवळ बसा आणि प्रत्येक फोटोच्या मागे हलक्या हाताने, पेन्सिलीने लिहून ठेवा: डावीकडून कोण, उजवीकडून कोण, चित्रपट कुठला, साल कोणतं. घरी ठेवायचे नसतील तर रद्दीत घालू नका. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आधी तिथे विचारा.